जिल्हा आणि शाळा क्रमांक

प्रति,
मा. आयुक्त,
राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष,
मुंबई.



अंबाजोगाईत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पीकविमा, पॅनकार्ड, सातबारा, सगळं करतो. पण नीटचा निकाल लागला की दिवाळीपर्यंत दुकान मेडिकलवाल्यांचंच. बाप कापडी पिशवीतून फाईल काढतो, पोरगं खुर्चीवर पुढे सरकून बसतं, आणि मी अजून पासवर्डही टाकलेला नसतो तोवर पहिला प्रश्न येतो, ‘‘लागंल का हो नंबर?’’ या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कधीच नसतं. यंदा पावसाळ्यात एकानं वेगळाच प्रश्न विचारला. त्याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण ते तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ते कधी काढून बघत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. साधा अर्ज केला असता तर आवक क्रमांक मिळाला असता, एवढंच.

माणूस बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला. नवरा-बायको दोघंही कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. मुलगी आजीजवळ राहून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, पुढं जवळच्या एका संस्थेच्या शाळेतून दहावी झाली. मी तिची कागदपत्रं स्कॅन करत होतो तेव्हा बाप म्हणाला, ‘‘भाऊ, ह्या शाळंतून आमच्या आधी कुणी एमबीबीएसला लागलंय का? म्हंजी कुणाला इचारायचं म्हनलं तर?’’

मी ‘‘असेल की’’ म्हटलं आणि पुढचा कागद काचेवर ठेवला. नंतर दिवसभर मला माझंच उत्तर टोचत राहिलं. इतकी वर्षं मी फॉर्म भरतोय. कुठल्या क्लासचे किती लागले ते मला पाठ आहे, कारण चौकाचौकात फ्लेक्स असतात. कुठल्या प्रवर्गाचा कटऑफ किती ते पाठ आहे, कारण तुमची पीडीएफ असते. पण कुठल्या शाळेतून किती पोरं डॉक्टर व्हायला गेली, हे ना मला माहीत, ना गटशिक्षणाधिकाऱ्यांना, ना त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना.

फाईल तुम्ही पडद्यावर बघता, मी हातात धरून बघतो. नीटचं गुणपत्रक, दहावी-बारावीची गुणपत्रकं, टीसी, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमीलेअर, मेडिकल फिटनेस. आणि हल्ली बहुतेक फाईलींत गॅपचं प्रतिज्ञापत्र. बारावीनंतर अमुक वर्षं उमेदवारानं कुठंही प्रवेश घेतलेला नव्हता, असं त्यात लिहून द्यावं लागतं. त्याचा मसुदा माझ्या संगणकात तयार आहे, नाव आणि साल तेवढं बदलायचं. पूर्वी तो शोधावा लागायचा. आता सीझनमध्ये तो दिवसभर उघडाच असतो.

प्रवेश कुठंही नव्हता हे कागदोपत्री खरं. प्रत्यक्षात पोरगं लातूरला होतं.

लातूर आमच्यापासून साठ किलोमीटरच्या आतबाहेर. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी बारावीच्या अभ्यासाला जी शिस्त लावली, तिला लोक ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागले. दुष्काळी भागातली पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या पुढं बसू लागली, त्याचा आम्हाला अभिमान होता आणि आजही आहे. मात्र तो पॅटर्न कॉलेजांचा होता; मास्तर वर्गात शिकवायचे आणि वर्गाची फी सगळ्यांना परवडायची. आता जे आहे ते क्लास, रूम, मेस, अभ्यासिका आणि टेस्ट सिरीज. सगळं धरून वर्षाला दोन लाखांच्या आसपास जातात आणि रिपीट केलं की तेच पुन्हा. त्या मुलीच्या बापानं मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून हे पैसे भरले होते. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली मजुरी, ती ऊस तोडून फेडायची. पोरीनं एक वर्ष जास्तीचं घेतलं ते नवरा-बायकोनं पहाटे चारला फडात उतरून फेडलं. तुमच्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही. असावा असंही मी म्हणत नाही.

त्याच दिवशी दुसरी एक फाईल आली होती. घरचा चांगला चालता धंदा, मुलगा आठवीपासून फाउंडेशनला. दोघांचे उत्पन्नाचे दाखले मी एकापाठोपाठ स्कॅन केले. आकड्यांत फार फरक नव्हता. दोघंही आठ लाखांच्या आत, दोघंही नॉन-क्रीमीलेअर. आमच्याकडे दाखल्यावर खरं उत्पन्न उमटतं ते फक्त पगारदार मास्तरांचं आणि एसटीच्या कंडक्टरचं, कारण त्यांच्याकडे फॉर्म सोळा असतो. हे गुपित नाही. दाखला मागणारा, देणारा आणि स्कॅन करणारा, तिघांनाही माहीत असतं.

आता मुद्द्यावर येतो.

राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी उमेदवारानं दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केलेली असावी लागते. म्हणून तुम्ही दहावीचे कागद अपलोड करून घेता. आमच्या बोर्डाच्या गुणपत्रकावर आसन क्रमांकाच्याच ओळीत एक चौकट असते: जिल्हा आणि शाळा क्रमांक. तिच्यावरून शाळा कळते. शाळेवरून गाव, तालुका, ती जिल्हा परिषदेची, अनुदानित की इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित, हे शिक्षण खात्याच्या नोंदीतून कळतं. खाली विषयांत प्रथम भाषा मराठी, उर्दू की इंग्रजी, तेही छापलेलं असतं. केंद्रीय बोर्डाची मुलं निराळी ओळखू येतातच. बारावी कुठल्या साली झाली हे दुसऱ्या गुणपत्रकावर आहे, म्हणजे नीट कितव्या वर्षी काढली तेही आलं. थोडक्यात, उमेदवार कुठून आला हे सांगणारे बहुतेक सगळे कागद तुमच्या सर्व्हरवर आधीच पडून आहेत. नवा एकही दाखला लागत नाही, तहसीलला नवा हेलपाटा नाही. (नवा दाखला लागत असता तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. माझा धंदा त्यावरच चालतो हे खरं, पण लोकांचे हाल मला समोर दिसतात.)

माझी मागणी एवढीच की प्रवेश संपले की दरवर्षी महाविद्यालयवार एक तक्ता काढा. नावं नकोत, गुण नकोत. या कॉलेजात प्रवेश घेतलेल्यांपैकी दहावी कुठल्या तालुक्यांतून, कुठल्या प्रकारच्या शाळांतून, प्रथम भाषा कोणती, बारावीनंतर कितव्या वर्षी. आणि शाळांची एक यादी: अमुक क्रमांकाच्या शाळेतून गेल्या पाच वर्षांत इतके. जिथून शून्य, तिथं शून्य लिहा. शून्यांची यादीच मला जास्त हवी आहे.

असं कुणी करतं का, असं तुमचे अधिकारी विचारतील. करतात. ब्रिटनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या परिषदेनं २०१४ साली आपल्या प्रवेशांचा असाच हिशेब मांडला. त्यात दिसलं की देशातल्या जवळजवळ निम्म्या शाळा-कॉलेजांतून तीन वर्षांत वैद्यकीयसाठी एकही अर्ज आलेला नव्हता. प्रवेश सोडा, अर्जसुद्धा नाही. आणि वीस टक्के शाळांमधून ऐंशी टक्के अर्ज येत होते. तिथं बहुतेक शाळा एकाच माध्यमाच्या आहेत, शाळेजवळ बसही येते, तरी हे चित्र. आमच्या धारूर, पाटोदा, शिरूर कासारचं चित्र काय असेल याचा अंदाज मी करू शकतो. पण अंदाजावर शासन निर्णय निघत नाहीत.

घरचं उदाहरण हवं असेल तर तामिळनाडू आहे. तिथल्या सरकारनं न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल २०२१ला आला. नीटच्या आधी, २०१६-१७ला, तिथं एमबीबीएसला लागलेल्यांत पुन्हा परीक्षा दिलेले साधारण १२ टक्के होते. २०२०-२१ला ते ७१ टक्क्यांवर गेले. तामिळ माध्यमातून आलेल्यांचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास होतं, ते दोन-तीन टक्क्यांवर घसरलं. त्या अहवालाचा निष्कर्ष नीट रद्द करा असा होता. मला तो पटत नाही. नीटच्या आधी खासगी कॉलेजांत प्रवेश कसे होत होते ते मी विसरलेलो नाही. तेव्हा फाईलीऐवजी बॅग लागायची. पण निष्कर्ष पटो न पटो, त्यांच्याकडे मोजणी होती, आणि २०२०पासून सरकारी शाळेत शिकलेल्यांना साडेसात टक्के जागा ठेवायचा कायदा त्यांनी केला तोही अशाच मोजणीच्या आधारावर. आपल्याकडे त्याच्या बाजूनं बोलायचं म्हटलं तरी काही नाही आणि विरोधात बोलायचं म्हटलं तरी काही नाही.

एक आकडा मात्र आपल्याकडेही आहे. नीट मराठीतून देता येते. २०२३ साली सबंध देशात ती मराठीतून द्यायला दोन हजारही मुलांनी नाव नोंदवलं नव्हतं. तामिळमधून तीस हजारांच्या वर होती. लोक यावरून मराठीच्या नावानं गळा काढतात. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे अकरावी सायन्स मराठीतून शिकवतंय कोण? पोरगं दहावीपर्यंत ‘प्रकाश संश्लेषण’ म्हणतं आणि जूनमध्ये एकदम ‘फोटोसिंथेसिस’ म्हणू लागतं. त्या एका उन्हाळ्यात जे गळतात ते तुमच्या यादीपर्यंत येतच नाहीत.

आमच्या भागाला हे नवं नाही. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं, डॉक्टरकीसुद्धा उर्दूतूनच शिकवत. तेव्हा अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद, आणि हे घोडदळाच्या छावणीचं गाव. इथल्या मराठी घरातल्या पोराला शिकायचं तर आधी दुसऱ्याची भाषा पोटात घालावी लागे. हिप्परग्याहून इथं येऊन योगेश्वरी विद्यालयात शिकवणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांनी पुढं हैदराबाद मुक्तीचा लढा चालवला, त्यात हाही राग होता. १९७२ला स्वामीजी गेले. १९७४ला इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं, त्याला त्यांचं नाव दिलं आणि नावातच ‘ग्रामीण’ घातलं. ‘आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय’ असं आम्ही सांगतो. सेवाग्रामवाले यावर हसतात, कारण त्यांचं कॉलेज १९६९चं. मग आम्ही म्हणतो, तुमचं संस्थेचं, आमचं सरकारी. हा वाद पिढ्यान् पिढ्या चालेल.

पण सेवाग्रामचं एक सांगायला हवं. तिथं नीट येण्याआधी स्वतःची प्रवेश परीक्षा असायची आणि तिच्यात गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. डॉ. सुशीला नायर यांनी काढलेल्या कॉलेजची ती खोड. त्यानं किती खरे सेवाभावी निवडले गेले ते देव जाणे. पाठांतर तिथंही चालत असणारच. पण ‘आम्हाला कसली मुलं हवीत’ असा प्रश्न प्रवेशाच्या दारात कुणीतरी विचारत होतं. आमच्या कॉलेजच्या नावात ‘ग्रामीण’ आहे, दीडशे जागा आहेत, आणि त्या दीडशेत ग्रामीण किती, हे कुणी विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

मोजल्यानं काय होतं हे आम्ही मराठवाड्यात एकदा बघितलंय. सत्तर-तीसचं सूत्र आठवत असेल. राज्याचे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन तुकडे, ज्या-त्या तुकड्यातल्या ७० टक्के जागा तिथल्यांना, ३० बाहेरच्यांना. ऐकायला हे आमच्या सोयीचं वाटतं. पण मराठवाड्यात सरकारी कॉलेजं तेव्हा चार: औरंगाबाद १९५६चं, आमचं १९७४चं, नांदेड १९८८चं, लातूर २००२चं. पोरं भरमसाट आणि जागा मूठभर, म्हणून आमचा कटऑफ वर. शेवटी पालकांनी तुमच्याच याद्यांच्या प्रिंट काढल्या (कित्येक माझ्याच मशीनवर), मार्करनं रेघा मारल्या आणि दाखवलं की इतक्या गुणांना बीडचा पोरगा घरी बसतो आणि त्याहून कमी गुणांना दुसरीकडे कुणी डॉक्टर होतो. सप्टेंबर २०२०मध्ये तेव्हाचे वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख यांनी विधिमंडळात सूत्र रद्द केल्याचं जाहीर केलं. आम्ही पेढे वाटले. नंतर धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीलाही सरकारी कॉलेजं आली.

तो निर्णय बरोबरच होता. पण तेव्हा आम्ही ‘मराठवाडा’ एकच धरला होता, ही आमची चूक. सूत्र गेल्यावर मराठवाड्यातली कुठली पोरं मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत गेली? लातूर-नांदेडच्या क्लासांत दोन-तीन वर्षं बसू शकणारी की तांड्या-वस्तीवरची? मार्करनं रेघ मारायला तो रकानाच यादीत नव्हता.

आता आरक्षणाबद्दल. यावर माझ्या दुकानात रोज भांडणं होतात. खुर्च्या दोनच आहेत म्हणून बरं. एसईबीसी, ओबीसी, ईडब्ल्यूएस, एनटी-सी, एनटी-डी, कुणबी नोंद सापडली, नाही सापडली. ऑगस्ट २०२३ला आमच्याजवळच्याच अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचं जे आंदोलन उठलं, त्यानंतर बीड जिल्ह्यात घराघरांत बोलणं तुटलंय. मी कुणाची बाजू घेत नाही, दोन्हीकडची गिऱ्हाइकं मला हवीत. आणि जातीवरून जे दार शेकडो वर्षं बंद होतं ते आरक्षणानं उघडलं, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. फक्त एक गोष्ट दिसते. ऊसतोड्याची मुलगी आणि गुत्तेदाराचा मुलगा एकाच प्रवर्गाच्या यादीत एकाखाली एक येतात, आणि दोघांमधल्या पाच गुणांच्या फरकाला आपण गुणवत्ता म्हणतो. हे प्रत्येक प्रवर्गात आहे, खुल्यातसुद्धा. त्या-त्या समाजातले पुढारी हे बोलणार नाहीत. कारण मोजलं तर प्रत्येकाच्याच यादीत वरची नावं कुणाची, ते दिसेल.

आणि त्या गुणांचा सोनेपणा तरी किती? २०२४ला ७२० पैकी ७२० वाले आधी ६७ निघाले, मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, मग ग्रेस गुण काढले. पुढच्या साली पेपर असा अवघड की देशात पहिला आला तो ६८६वर. २०२४ला ज्या गुणांवर पोराला सरकारी कॉलेजनं दारात उभं केलं नाही, त्याहून शंभर कमी गुणांवर २०२५ला आत बसवलं. दोन्ही वर्षी पालकांना मीच समजावत होतो. दोन्ही वर्षी माझं समजावणं खोटं वाटत होतं.

कुठून आला याला इतकं महत्त्व का, असं तुम्ही म्हणाल. डॉक्टर झाल्याशी मतलब. तर मग स्वारातीच्या ओपीडीत एकदा अर्धा तास बसा. रामानंद तीर्थ रुग्णालयाला आम्ही ‘स्वाराती’ म्हणतो. परळी, केज, धारूर, माजलगाव, रेणापूर, सगळीकडून लोक येतात. बाई सांगते, ‘‘अंगावरून जातंय, कंबर धरतीय, जीव कसनुसा व्हतोय.’’ समोरचा इंटर्न हुशार असतो, नम्र असतो, पण ‘अंगावरून जातंय’ म्हणजे काय हे त्याला शेजारच्या सिस्टर समजावून देतात. महिन्याभरात तो शिकतो, हे मान्य. तोवर त्याची इंटर्नशिपची पाळी बदललेली असते.

याच अंगावरून जाण्यावर आमच्या जिल्ह्यात काय झालं ते अख्ख्या देशानं वाचलं. २०१९ला नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या, बहुतेक खासगी दवाखान्यांत. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर पिशव्या काढणारे डॉक्टर काही विलायतेहून आलेले नव्हते. तेही कुणाच्या तरी गावचेच असणार. म्हणजे गावाकडून आलेला डॉक्टर गावासाठी चांगला असतोच असं नाही, आणि मुंबईतून इथं येऊन रात्री-अपरात्री बाळंतपणं करणारे रेसिडेंट मी बघितलेत. मी एवढंच म्हणतो की शक्यता मोजता येते. जागतिक आरोग्य संघटनेनं आधी २०१०ला आणि पुन्हा २०२१ला सगळ्या सरकारांना जे सांगितलं, त्यात पहिल्या काही शिफारशींतच आहे की ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी निवडा, ते पुढं ग्रामीण भागात राहण्याची शक्यता जास्त असते. आपण त्याऐवजी एक वर्षाचा बाँड लिहून घेतो, आणि कित्येक वर्षं त्यात दहा लाख भरले की सुटका होती. बाँडचा मसुदासुद्धा माझ्या संगणकात आहे. सही करताना पोरं हसतात.

मराठीतून एमबीबीएस काढा म्हणजे प्रश्न सुटला, असंही अधूनमधून कुणीतरी जाहीर करतं. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आमच्या गावात आहे, दासोपंतांची पासोडी आमच्या गावात आहे. मराठीचं प्रेम आम्हाला कुणी शिकवू नये. तरीही मला मराठीतून एमबीबीएस नको. आमच्या पोरांना पुन्हा वेगळ्या बाकावर बसवायचा तो रस्ता आहे. पुस्तकं इंग्रजीतच राहू देत, फक्त बाकावर बसलंय कोण ते सांगा.

आक्षेप येईल की ही मुलांची खासगी माहिती आहे. आयुक्त महोदय, आजवरच्या तुमच्या याद्यांत मुलाचं पूर्ण नाव आणि त्याच्यासमोर त्याचा जातप्रवर्ग छापलेला असतो. ती पीडीएफ व्हॉट्सॲपवर गावभर फिरते. नावासकट जात चालते आणि नावाशिवाय शाळा चालत नाही, असं कसं?

त्या मुलीचं काय झालं ते सांगतो. पहिल्या दोन फेऱ्यांत काही लागलं नाही. तारखा लांबत लांबत गेल्या आणि टोळ्या निघायचे दिवस आले. आई-बाप ट्रॅक्टरवर संसार भरून सांगलीकडे गेले. आणि मग तिसऱ्या फेरीत तिचं नाव लागलं. जवळचं नव्हे, लांबचं सरकारी कॉलेज. हजर व्हायला चार दिवस. मूळ कागद, फी आणि पालकाची सही. आमच्या योगेश्वरीची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली असेल. कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्नाला निघाली, अंबाजोगाईपर्यंत आली आणि मुहूर्त टळला. वऱ्हाडाचे दगड झाले, देवी इथंच राहिली. आमच्याकडे कुणाची तारीख हुकली की म्हातारी माणसं हत्तीखान्याकडे, त्या दगडांकडे, बोट दाखवतात. मुलीचं नाव लागलं त्या रात्री बाप फडातून निघाला, दोन एसट्या बदलून सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे. सही करायला पेन दिलं तर आधी शर्टाला हात पुसले. तारीख हुकली नाही. अशा किती हुकतात, तेही तुमच्याकडे कळायला मार्ग आहे: जागा मिळूनही हजर न झालेल्यांचे शाळा क्रमांक बघा.

आता तिच्या शाळेनं २६ जानेवारीला सत्कार ठेवलाय. फ्लेक्स माझ्याकडेच आलाय. मुख्याध्यापकांनी कागदावर मजकूर लिहून दिला: ‘आमच्या शाळेची पहिली डॉक्टर’. मग त्यांनीच पेनानं ‘पहिली’च्या वर प्रश्नचिन्ह काढलं. ते म्हणाले, ‘‘मी इथं सहा वर्षांपूर्वी आलो. आधीचं सांगता येत नाही. उगं कुणाचा मान जायचा.’’ जुन्या शिक्षकांना फोन लावले. एक म्हणाले, नव्वद सालाच्या आसपास एक होता, पण तो बीएएमएस होता की एमबीबीएस ते आठवत नाही.

फ्लेक्स दोन दिवस आधी छापायला टाकावा लागतो. शाळा क्रमांक मी वेगळ्या अर्जात तुमच्या कार्यालयाला पाठवला आहे. ‘पहिली’ ठेवायचं की काढायचं, तेवढं कळवावं.

आपला,
फॉर्म भरून देणारा एक दुकानदार,
अंबाजोगाई, जि. बीड

ता. क. काही कॉलेजांत अजूनही फीचा डीडीच मागतात. हजर व्हायचे चार दिवस, त्यात शनिवार-रविवार आले तर बँक उघडेपर्यंत पालकांचा जीव टांगणीला लागतो. याला समिती नेमायची गरज नाही, एक परिपत्रक काढलंत तरी भागेल.